स्टॅम्प पेपर आणला म्हणजे करार पक्का झाला का?

मुंबईत व्यवहार कुठलाही असू दे, पहिला प्रश्न ठरलेला, स्टॅम्प कितीचा आणू? अरे पण आधी करार उभा राहतोय का ते तरी बघा, स्टॅम्प नंतर.

तर सगळ्यात आधी समोरचा माणूस. १८ पूर्ण नसतील तर करार व्हॉइड, म्हणजे झालाच नाही असं धरतात, आणि हे १९०३ मध्येच प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, मोहोरी बीबीच्या केसमध्ये ठरवून टाकलंय. पोरगा १८ चा झाल्यावर ‘मला मान्य आहे’ म्हणाला तरी जुना करार जिवंत होत नाही, व्यवहार नव्याने करायचा.

मग बघा दोघांची राजीखुशी आहे का, देणंघेणं काय ठरलंय, आणि काम कायद्यात बसतं का. १८७२ चा कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट मुख्यतः एवढंच मागतो. त्यामुळे पेंटरशी फोनवर रेट ठरवून ॲडव्हान्स दिलात तरी तो करारच आहे, घोळ होतो तो पुराव्याचा, म्हणून फोन ठेवल्यावर ‘एवढं काम, एवढे पैसे, या तारखेपर्यंत’ असा व्हॉट्सॲप टाका आणि त्याचं ‘ओके’ घ्या.

धमकावून, दबाव टाकून किंवा खोटं सांगून सही घेतली असेल तर करार व्हॉइडेबल. म्हणजे तो आपोआप रद्द होत नाही, ठेवायचा की मोडायचा हे फसलेल्याने ठरवायचं, फसवणाऱ्याला तो चॉइस नाही. पण खरं कळल्यावरही गप्प राहून फायदा घेत बसलात तर मान्य होतं असंच धरलं जाऊ शकतं, म्हणून कळल्या कळल्या लेखी कळवा.

नोकरी सोडल्यावर दुसऱ्या कंपनीत जायचं नाही ही अट सहसा टिकत नाही, कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम २७. मात्र ठराविक वर्षं राहा नाहीतर पैसे भरा हा बॉण्ड वेगळा, २०२५ मध्ये विजया बँकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ३ वर्षांसाठीचा २ लाखांचा बॉण्ड वैध धरला, तेव्हा ‘सगळे बॉण्ड फालतू असतात’ म्हणणाऱ्या मित्राचं ऐकू नका.

आता भाड्याची खोली, इथे मुंबईकर हमखास चुकतात. ‘११ महिन्यांचं आहे, नोटरी बस झाली’ हे महाराष्ट्रात चालत नाही! भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे खोली वापरायला देण्याचा करार, लेखी आणि रजिस्टर्डच पाहिजे, ११ महिने असो की ३६, आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची. नाही केलं तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरतात, उलटं सिद्ध होईपर्यंत, शिवाय मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. डिपॉझिट किती दिलं यावरून भांडण झालं की हे कलम भाडेकरूच्या कामी येतं. एजंट घरी येऊन अंगठे आणि फोटो घेऊन ऑनलाइन करून देतो, तेव्हा आळस कशाला.

फ्लॅट विकत घेताना किंवा घर बक्षीस देताना दस्त रजिस्टर करावाच लागतो. नव्या प्रोजेक्टमध्ये बिल्डर रजिस्टर्ड ॲग्रीमेंटआधी १० टक्क्यांच्या वर मागू शकत नाही, रेराचं, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्याचं, कलम १३ दाखवा त्याला.

आणि स्टॅम्प कमी पडला म्हणून करार मरत नाही, फक्त बाकीची ड्युटी आणि दंड भरेपर्यंत कोर्ट तो कागद पुराव्यात घेत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून बऱ्याच कामांना १०० ऐवजी ५०० चा लागतो, घरातला जुना १०० चा बाहेर काढू नका.

हातउसने दिले असतील तर यूपीआयने द्या, नोटमध्ये ‘उसने’ लिहा. परतीची तारीख ठरली नसेल तर दिल्या दिवसापासून ३ वर्षांत दावा टाकायचा असतो, त्याच्या आत ‘एवढे देणे आहे’ असं सहीनिशी लिहून घेतलंत तर मुदत नव्याने सुरू होते. मुदत उलटून गेल्यावर नुसतं ‘देणे आहे’ पुरत नाही, ‘देईन’ असं सहीचं लेखी वचन लागतं, तोंडी ‘देतो रे’ला तिथे किंमत नाही.