‘पुट ऑफ’ वापरताना या चुका टाळा

‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, एवढं पाठ असतं. अर्थ बरोबर, पण वाक्य बिघडतं ते इथे.

सगळ्यात जास्त घोळ त्यापुढच्या क्रियापदाचा. मनात ‘डॉक्टरकडे जायला टाळाटाळ करतोय’ असतं, त्यातल्या ‘जायला’मुळे तोंडातून ‘ही इज पुटिंग ऑफ टु गो’ निघतं. इथे ‘टु गो’ चालत नाही, ‘इंग’चं रूपच लागतं: ‘ही इज पुटिंग ऑफ गोइंग टु द डॉक्टर’.

मग सर्वनाम. ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ दोन्ही बरोबर. पण मीटिंगऐवजी ‘इट’ म्हणायचं असेल तर ते मध्येच बसतं, ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ चूक. कर्म लांबलचक असेल तर मात्र शेवटी ठेवा, नाहीतर ‘ऑफ’ येईपर्यंत वाचणारा वाट बघत बसतो.

मध्ये माणूस आला की प्रकरण वेगळं. ‘द स्मेल पुट मी ऑफ’ म्हणजे वासानेच नको झालं. ‘इट पुट मी ऑफ फिश’ म्हणजे त्यामुळे मासे खायची इच्छाच गेली. ‘ही कीप्स पुटिंग मी ऑफ’ म्हणजे तो दर वेळी काहीतरी कारण सांगून टोलवतो. आणि ब्रिटिश माणूस काम करताना ‘यू आर पुटिंग मी ऑफ’ म्हणाला, तर त्याचं लक्ष विचलित होतंय, गप्प बसा.

सामना रविवारवर गेला तर ‘द मॅच वॉज पुट ऑफ टिल संडे’. ‘वॉज’ गाळू नका. रद्दच झाला तर ‘कॉल्ड ऑफ’. ऑफिसच्या मेलमध्ये ही अदलाबदल महागात पडते: बैठक फक्त पुढे गेलेली असते आणि नव्या तारखेला कुणी फिरकत नाही.

‘पुट ऑफ द फॅन’ आपल्याकडे सर्रास चालतं, घरात खुशाल म्हणा. परीक्षेत किंवा परदेशात ‘टर्न ऑफ’, ‘स्विच ऑफ’ बरं. मेणबत्ती, आग, सिगारेट विझवायची तर ‘पुट आउट’; बूट काढायचे तर ‘टेक ऑफ’.

भूतकाळातही ‘पुट’च राहतं. ‘पुटेड’ नाही. ‘पटेड’ असतं, पण ते गोल्फमधलं निराळं क्रियापद. त्याचं ‘पटिंग’ आणि आपलं ‘पुटिंग’ यांचं स्पेलिंग मात्र एकच, दोन ‘टी’वालं.