गाडी कधी तापते ते आधी बघा, मग पाना हातात घ्या

वैभववाडीकडनं करूळ घाट चढून गगनबावड्याला येताना निम्म्या घाटात माझ्या गाडीचा टेंपरेचरचा काटा लालकडं सरकायला लागला. गाडीत आई, बायको, पोरं, मागं आंब्याच्या पेट्या आणि पुढं लोड भरलेला ट्रक पहिल्या गियरवर. एसी बंद केला, काचा खाली केल्या, हीटर फुल गरम आणि ब्लोअर फुल केला, कारण हीटर म्हणजे पण एक छोटा रेडिएटरच असतोय, इंजिनची उष्णता तेवढीच आत ओढून घेतो. घामानं सगळी भिजली, खरं काटा लालच्या आधी थांबला आणि रुंद जागा बघून गाडी बाजूला घेता आली.

कोल्हापुरात आल्यावर एका गॅरेजवाल्यानं बोनेट उघडून दोन मिनिटात सांगितलं, हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंय, हेड उतरावं लागणार. वीस-पंचवीस हजाराचं काम. मन मानंना म्हणून उद्यमनगरात रेडिएटरचंच काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी गार गाडीत रेडिएटरचं झाकण काढलं, अंगठ्यानं स्प्रिंग दाबून बघितली, रबर दाखवलं, चिरलेलं होतं. नवीन झाकण काही शे रुपयाचं. त्यानंतर ती गाडी मी तीन उन्हाळे चालवली, हेड उतरवायची वेळ आली नाही.

झाकणाचं एवढं काय, असं वाटतंय ना? आपल्याकडं उघड्या भांड्यात पाणी ९८ डिग्रीच्या आसपास उकळतं आणि चांगलं इंजिन पण ९०-१०० डिग्रीवर चालत असतं. सिस्टीम बंद ठेवून प्रेशर धरलं की उकळायचा बिंदू वर जातो, निम्मं कूलंट (इंजिन गार ठेवायचं रंगीत द्रव) निम्मं पाणी आणि १.१ बारचं झाकण असलं की साधारण १२५ डिग्रीपर्यंत उकळत नाही. झाकणानं प्रेशर सोडलं की घाटात कूलंट उकळून रेडिएटरला जोडलेल्या बाटलीत येतं, तिथनं रस्त्यावर सांडतं, आणि मग खरोखरच गाडी तापते. म्हणून झाकण बदलताना त्यावर लिहिलेला आकडा जुन्यासारखाच घ्या (०.९ च्या जागी १.१ नको). नवीन बऱ्याच गाड्यांत हे प्रेशरचं झाकण रेडिएटरवर नसतं, बाटलीवरच असतं.

आणि गरम गाडीचं झाकण कधीच उघडायचं नाही. फडकं धरून पण नाही. रेडिएटरचा वरचा होज पाइप दाबून बघा, टणक आणि गरम असला तर अजून आत प्रेशर हाय, अर्धा-पाऊण तास थांबा. तोंडावर उकळतं कूलंट येऊन भाजलेला माणूस मी बघितलाय, ते विसरत नाही.

आता मुद्द्याचं. मेकॅनिककडं जायच्या आधी एकच गोष्ट नीट आठवा, गाडी तापते कधी? उभी असताना, पळताना, चढाला, की सुरू केल्या केल्या?

दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला काटा चढतो आणि तावडे हॉटेलच्या पुढं हायवेला लागलं की उतरतो, तर आधी फॅन बघा. गाडी पळताना वारा आपोआप मिळतो, उभी असताना तो फॅननं द्यायचा असतो. गाडी गार असताना सुरू करून एसी लावा, बहुतेक गाड्यांत थोड्या वेळात फॅन फिरायला पाहिजे. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले, म्हणजे फॅनला करंट देणारा छोटा स्विच (बॉक्समध्ये हॉर्नचा किंवा दुसरा त्याच नंबरचा रिले असला तर अदलाबदल करून बघा), मग फॅनचा प्लग काढून बॅटरीवरनं थेट करंट द्या. थेट दिल्यावर फिरला तर मोटर चांगली आहे, दोष वायरिंगमध्ये नाहीतर टेंपरेचर सेन्सरमध्ये. हात मात्र लांब ठेवा, काही गाड्यांत चावी काढल्यावर पण फॅन अचानक सुरू होतो.

याच्या उलट, गावात ठीक चालते आणि हायवेला ९० च्या वर किंवा तवंदीच्या घाटात तापते, तर रेडिएटर चोक, कूलंट फिरवणारा वॉटर पंप कमजोर नाहीतर थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) पूर्ण उघडत नाही. आधी फुकटातलं करा. रेडिएटर आणि त्याच्या पुढं असलेली एसीची जाळी (कंडेन्सर) यांच्या मध्ये टॉर्च मारून बघा, ऊसाच्या सीझनला रस्त्यावरचा पाचोळा, धूळ, किडे सगळं तिथं जाऊन बसतं. गार गाडीवर साध्या पाण्याच्या धारेनं, शक्यतो इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या बाजूला धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळनं मारला तर फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) वाकतात आणि वारा कायमचा अडतो.

इंजिन पूर्ण गरम, वरचा पाइप चटका देणारा आणि खालचा गार, असं असेल तर कूलंट फिरत नाही. थर्मोस्टॅट बंद अडकलाय, किंवा रेडिएटर आतनं चोक झालाय. थर्मोस्टॅट घरी तपासता येतो, पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्यानं टांगून ठेवा आणि गरम करा, त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा असतो, तेवढ्याला उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत चांगला उघडा दिसला पाहिजे. आपल्याकडं कुणी कुणी तो काढूनच टाकायला सांगतात, "गरम देश हाय, काय करायचाय". नका काढू. इंजिन वेळेत गरम होत नाही, डिझेल-पेट्रोल जास्त पितं, झीज वाढते, आणि काही इंजिनांत कूलंटची वाट चुकून उलटी जास्त तापते. काटा कधी वरच येत नसेल तर तोच थर्मोस्टॅट उघडा अडकलाय असं समजा.

पाणी कमी होतंय पण गळती दिसत नाही? रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. एसीचं स्वच्छ पाणी सोडून द्या, रंगीत आणि बोटाला चिकट लागलं तर ते कूलंट. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथनं ओघळ वाळलेला दिसला तर पंपाचं सील गेलं. शेजारच्या सीटपुढचं मॅट ओलं, आत गोडसर वास, काचेला तेलकट धुकं, हे हीटरच्या आतल्या जाळीचं गळणं. यातलं काहीच नाही आणि तरी पातळी उतरते, गाडी गरम झाल्यावर पण सायलेन्सरमधनं पांढरा गोडसर धूर येतो, ऑइल दुधाच्या चहासारखं झालंय, किंवा गार गाडी सुरू केल्या केल्या दोन मिनिटात पाइप टणक होतो, किंवा झाकण काढून सुरू केली तर रेडिएटरच्या तोंडातनं सारखे बुडबुडे येतात, तर मात्र हेड गॅस्केट. ऑइल असं दिसलं की गाडी टो करून न्या, चालवू नका, बेअरिंग जातील.

रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती बंद करायचा जुना उपाय अजून काही जण करतात, तो करू नका. ती जिथं गळतं तिथंच बसत नाही, बारीक नळ्यांत आणि हीटरमध्ये पण बसते. क्लॅम्प ढिला असेल तर आवळा, पाइप फुगला असेल तर बदला.

कूलंट बदलायचा तर गार गाडीत खालचा पाइप सोडून सगळं काढा, डिस्टिल्ड वॉटरनं धुवा, स्वच्छ पाणी येईपर्यंत. बोअरचं पाणी नको, त्याचे क्षार आत दगडासारखे बसतात. लहान गाडीत साधारण चार ते सहा लिटर लागतं. डबा नीट वाचा, तयार मिक्स असेल तर त्यात पुन्हा पाणी घालायचं नाही. रंग बघून नाही, मॅन्युअलमधला प्रकार बघून घ्या, दोन प्रकार एकत्र झाले की काही वेळा चिकट गाळ होतो. भरताना पुढची चाकं थोडी उंचावर, हीटर गरमवर, आणि हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो उघडून सावकाश भरा. एअर लॉक (आत अडकलेली हवा) राहिला की नवीन कूलंट असून पण काटा उड्या मारतो आणि हीटरमधनं गार वारा येतो. जुनं कूलंट विषारी असतं, गोड असल्यानं कुत्री चाटतात, गटारीत किंवा दारात ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

काटा लालमध्ये गेलाच तर लगेच थांबा. आणि तापलेल्या इंजिनवर किंवा रिकाम्या रेडिएटरमध्ये गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

काम झाल्यावर मी आधी गावात अर्धा तास फिरवतो, फॅन लागतो का बघतो, मग केर्लीवरनं जोतिबाचा डोंगर चढून येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडीत पातळी परत बघायची, हवा निघाल्यामुळं थोडी उतरलेली असते, तेवढी भरायची. तिसऱ्या दिवशी पण उतरली तर परत पुठ्ठा टाका.