ताऱ्यांच्या फोटोसाठी स्वस्तातली लेन्स: आधी ठरवा, मुंबईतली गच्ची की शहराबाहेरचं वांगणी

लेन्स घेताना सगळे एफ नंबर विचारतात. ताऱ्यांसाठी आणखी एक आकडा बघावा लागतो आणि तो खोक्यावर छापलेला नसतो. फोकल लेंग्थला (लेन्सवर लिहिलेल्या मिमीला) एफ नंबरने भागा, म्हणजे ॲपर्चरचा (उजेड आत येतो त्या भोकाचा) खरा व्यास कळतो. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स १८ मिमी, एफ/३.५ ला जेमतेम ५ मिमी उघडते. ५० मिमी एफ/१.८ जवळजवळ २८ मिमी. तारा हा ठिपका असल्यामुळे तो किती ठळक उमटेल हे या व्यासावर ठरतं, तर आभाळाचा उजेड किती उमटेल हे एफ नंबरवर.

दादरच्या किंवा घाटकोपरच्या गच्चीवरून आभाळ मुळातच उजळलेलं असतं. तिथे महागडी वाइड लेन्स एफ/१.४ ला उघडली, तर आभाळच आधी पांढरं होतं. म्हणून मुंबईतूनच फोटो काढायचे असतील तर ५० मिमी एफ/१.८ घ्या आणि मोकळे व्हा. बहुतेक कंपन्यांच्या स्वस्त लेन्समध्ये ती असतेच. क्रॉप सेन्सरवर (फिल्मएवढ्या फुल फ्रेम सेन्सरहून लहान) मृग नक्षत्राचा चौकोन तिच्यात बसतो, कृत्तिका छान येतात, चंद्र-शुक्राची युतीही. कडेला तारे फाटत असतील तर एफ/२.८ करा, तरी व्यास १८ मिमी उरतो, किट लेन्सच्या तिपटीहून जास्त.

निकॉनवाल्यांना इथे एक फायदा आहे. जुनी ५० मिमी एफ/१.८ डी लेन्स डी३४०० किंवा डी५६०० या कॅमेऱ्यांवर ऑटोफोकस करत नाही, म्हणून अनेकजण ती टाळतात. ताऱ्यांवर ऑटोफोकस तसाही भरवशाचा नसतो, त्यामुळे आपलं काही अडत नाही. फक्त ॲपर्चर रिंग २२ वर लॉक करा, नाहीतर कॅमेरा एरर दाखवून अडून बसतो.

आकाशगंगा हवी असेल तर मात्र शहराबाहेर पडावं लागतं आणि लेन्सही वाइड लागते: क्रॉपवर १२ ते १६ मिमी, फुल फ्रेमवर १४ ते २४. जवळची ओळखीची जागा म्हणजे कर्जत लाइनवर बदलापूरनंतरचं वांगणी. मुंबईतल्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम तिथे होत आले आहेत. क्रॉप मिररलेससाठी मॅन्युअल सॅमयांग १२ मिमी एफ/२ ही आमची पहिली पसंती. क्रॉप डीएसएलआरला सेकंडहँड टोकिना ११-१६ एफ/२.८ बघा. फुल फ्रेमला सॅमयांग १४ मिमी एफ/२.८ स्वस्त पडते, पण तिच्यात क्षितिज मिशीसारखं वाकतं, ते सॉफ्टवेअरमध्ये त्या लेन्सचं प्रोफाइल (तयार दुरुस्ती) लावून सरळ करावं लागतं. चिप नसलेली (कॅमेऱ्याशी न बोलणारी) मॅन्युअल लेन्स लावल्यावर कॅमेरा क्लिकच करत नसेल तर मेन्यूत ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय चालू करा.

धनु राशीकडचा आकाशगंगेचा दाट भाग मार्चमध्ये पहाटे दिसतो, मे महिन्यात मध्यरात्रीनंतर चांगला वर येतो. नंतर पावसाळा. जूनमध्ये लेन्स घेणं म्हणजे चार महिने नुसती काचेवरची फंगस (बुरशी) पोसणं.

सेकंडहँड माल बघायला फोर्टातला बोरा बाजार बरा. लेन्स हातात घेतली की मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि समोरून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती फंगस, परत द्या, कितीही स्वस्त असो. चार धुळीचे कण चालतात. कॅनन ईएफ लेन्स कॅमेऱ्यातून काढल्यावर उघडीच राहते, त्यामुळे आरपार बघता येतं. निकॉनच्या जी लेन्समधून (ॲपर्चर रिंग नसलेल्या) आरपार बघायला मागची दांडी बोटाने सरकवावी लागते. सोडल्यावर ॲपर्चरची पाती झटकन मिटली नाहीत तर त्यांवर तेल आलंय.

मग खरी परीक्षा. ॲल्युमिनियम फॉइलला टाचणीने भोक पाडून ते मोबाइलच्या टॉर्चवर लावा आणि मोबाइल दुकानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून मध्यभागी फोकस करा. फोकस न हलवता कॅमेरा फिरवून तोच ठिपका चारही कोपऱ्यांत आणा आणि फोटो घ्या. दुकानदार कुरकुरेल, करू द्या. ठिपक्याला पक्ष्यासारखे पंख फुटले तर तो कोमा, म्हणजे लेन्सचा कडेचा दोष. चारही कोपऱ्यांत सारखाच असेल तर ॲपर्चर एक स्टॉप (निम्म्या उजेडाइतकं) मिटून बराच आटोक्यात येतो. एकच कोपरा बिघडलेला असेल तर आतली काच सरकलेली आहे. ती लेन्स नको.

घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा) ठेवा. आर्द्रता ४० ते ५० टक्के असावी. जेलचा रंग बदलला की ते गरम करून वाळवा.

एक्स्पोजरसाठी, म्हणजे शटर किती सेकंद उघडं ठेवायचं यासाठी, ५०० चा नियम (५०० भागिले फुल फ्रेमच्या हिशेबातली फोकल लेंग्थ) सांगितला जातो, पण २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप कॅमेऱ्यावर त्याने तारे लांबट येतात. तिथे ३०० धरा: आधी फोकल लेंग्थ गुणिले १.५ (कॅननला १.६) करा, मग ३०० ला त्या आकड्याने भागा. ५० मिमीला ४ सेकंद, १२ मिमीला साधारण १६. मृगाचा पट्टा खगोलीय विषुववृत्ताजवळ असल्याने तिथे रेघ सर्वांत लवकर उमटते. ध्रुवाकडे थोडी सूट मिळते.

फोकस लावताना रिंगवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावर) व्याधासारखा ठळक तारा १० पट मोठा करा, ठिपका लहानात लहान होईल तिथे थांबा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. यूव्ही फिल्टर काढा, ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई) बंद ठेवा. ज्या लेन्समध्ये फोकस रिंग नुसती मोटरला हुकूम देते, तिच्यात कॅमेरा बंद केला की फोकस हलू शकतो, तेव्हा बॅटरी बदलल्यावर तो पुन्हा तपासा.