स्टीअरिंगचं कपलिंग बदलताना या चुका टाळा

"स्टीअरिंगला प्ले आलाय", म्हणजे ते ढिलं झालंय, म्हणत इंदुरात रामबागेत आमच्या फाटकाशी जी जुनी गाडी येऊन थांबते, तिचा निम्मा खर्च बहुतेक वेळा आधीच झालेला असतो. चुकीच्या जागी. कपलिंगकडे, म्हणजे स्टीअरिंगच्या शाफ्टचे वरचे-खालचे भाग जोडणाऱ्या रबरी सांध्याकडे, कुणी बघतच नाही.

मागच्या पावसाळ्यात ओळखीतल्या एका मुलाने १९९६ची बीएमडब्ल्यू ३२८आय आणली. सरळ रस्त्यावर स्टीअरिंग दोन बोटं फिरलं तरी गाडीला पत्ता नाही, आणि गड्ड्यात गेली की खालून 'टक्'. पठ्ठ्याने टाय रॉड एंड, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्यांची टोकं, बदलले होते. मग छोटी ग्वालटोली पालथी घालून त्या दांड्यांना ढकलणारा दातेरी रॅक वापरलेला मिळवला, बसवला, अलाइनमेंटही केलं. आवाज जिथल्या तिथे. "काका, आता अख्खा कॉलमच काढू का?"

म्हटलं, थांब बाबा. इंजिन बंद, चाकं जमिनीवर. त्याला स्टीअरिंग हळूच डावी-उजवी हलवायला सांगितलं आणि मी बॉनेटखाली हात घालून कपलिंगवर अंगठा ठेवला. वरची बाजू फिरायची, खालची क्षणभर झोपलेली. रबरात नख रुतवलं तर काळा चुरा हातात आला. या इंजिनाचा एक्झॉस्ट उजवीकडे आणि आपल्याकडे स्टीअरिंगही उजवीकडे, म्हणजे शाफ्ट एक्झॉस्टच्या तापणाऱ्या मॅनिफोल्डला चिकटूनच खाली उतरतो. पंचवीस-तीस वर्षं शेकलेल्या रबराचं दुसरं काय होणार? या तपासणीला दोन मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत, म्हणूनच बहुधा कुणी करत नाही. पहिली चूक हीच.

दुसरी चूक माझ्या खास रागाची: बोल्ट नुसता ढिला करून हातोडा उचलणं. शाफ्टच्या स्प्लाइनवर, म्हणजे दातेरी टोकावर, आडवी खाच असते आणि क्लॅम्पचा बोल्ट त्या खाचेतून जातो. तो पूर्ण बाहेर काढल्याशिवाय जॉइंट, म्हणजे शाफ्टवर बसलेलं कपलिंग, हलणारच नाही. तुम्ही ठोकत बसाल, मार जाईल रॅकच्या पिनियनला, म्हणजे शाफ्टखालच्या छोट्या दातेरी चाकाला. मी आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारतो आणि सकाळी क्लॅम्पच्या फटीत पेचकस घालून ती जराशी फाकवतो. ज्यांना ते सगळं रविवारच्या जेवणाआधी आटपायचं असतं, त्यांनी हे काम घेऊच नये.

बसवताना याच्या उलट घडतं, आणि ते जास्त वाईट. एका उत्साही गड्याने शाफ्ट अर्धवटच आत ढकलला. बोल्ट खाचेत न जाता शाफ्टच्या टोकापुढून गेला. कसा गेला? अगदी लोण्यासारखा! म्हणून तो खूश. नट कसला आणि खंडवा रोडने सिमरोल घाटात निघाला होता. जाता जाता मला दाखवायला थांबला. मी जॉइंट धरून खेचला तर वर सरकला. निव्वळ क्लॅम्पच्या पकडीवर घाट उतरणार होता. तेव्हापासून माझी सवय: बोल्ट हाताने घालायचा, नट कसायच्या आधी जॉइंट जोर लावून ओढायचा. खाचेत असेल तर निघणार नाही. निघाला तर पुन्हा पहिल्यापासून.

काम सुरू करण्याआधी चाकं सरळ करा, शाफ्टवर आणि जॉइंटवर पांढऱ्या रंगाची एकच रेघ ओढा, स्टीअरिंग सीटबेल्टने बांधा. एअरबॅगवाल्या गाडीत सुटलेलं स्टीअरिंग पोरांनी गरागरा फिरवलं की एअरबॅगची तार नेणारी आतली क्लॉक स्प्रिंग तुटते आणि डॅशवर एअरबॅगचा दिवा कायमचा पेटतो. बॅटरी आधीच काढून ठेवा.

एक दात चुकून स्टीअरिंग तिरकं बसलं, तर टाय रॉड फिरवून ते सरळ करू नका. पुन्हा काढा.

नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले) नट नवेच. रबराला ग्रीस नको, पेट्रोलने धुणं नको. टॉर्क रेंच वापरा. एम-८ बोल्टला साधारण २२ ते २५ न्यूटन-मीटर लागतो, पण खरा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला. पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा तपासा.

"भिया, टायर का पट्टा काट के लगा दूँ?" असं विचारणाऱ्या मिस्त्रीला चहा पाजा आणि गाडी घेऊन निघा. रबराऐवजी अ‍ॅल्युमिनियमचं कडक कपलिंग रेसच्या ट्रॅकवर ठीक आहे. शहरात त्यातून रस्त्याचा प्रत्येक खडा तळहातावर मोजता येतो. मला तो हिशोब नकोय.

आणि जुनं कपलिंग लगेच फेकू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत हॉर्नचं अर्थिंग शाफ्टमधून जातं. रबर ते अडवतं, म्हणून कपलिंगवरून तांब्याची एक बारीक पट्टी नेलेली असते. मी एकदा ती न बघता जुना माल टाकून दिला आणि राजवाड्यापाशी ऐन गर्दीत हॉर्न मुका झाला. इंदुरात हॉर्नशिवाय! पुढे रिक्षा, मागे ठेला, आणि मी खिडकीतून "ओ दादा, ओ दादा" ओरडतोय. घरी आल्यावर कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून ती पट्टी शोधली, तेव्हा बायको दारात उभी राहून बघत होती.