पीच घरी कसे पिकवायचे? आधी फ्रीजपासून लांब ठेवा

हिमाचल-उत्तराखंडचे पीच मे-जूनमध्ये आपल्याकडे येतात, आणि बरेच जण घरी आणले की सरळ फ्रीजमध्ये टाकतात, मग आठ-दहा दिवसांनी कापलं की आत कोरडं, पिठूळ, चावताना कापूस चघळल्यासारखं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण तेच फळ नीट पिकलं असतं तर रस कोपरापर्यंत ओघळला असता.

घेताना लाली बघू नका, ती उन्हाची आणि जातीची असते. देठाजवळचा रंग बघा, तिथला हिरवेपणा जाऊन पिवळसर झाला असेल तरच घ्या, पार हिरवं तोडलेलं फळ मऊ झालं तरी गोड होत नाही.

घरी आणल्यावर देठाची बाजू खाली करून एका थरात बाहेरच ठेवा. घाई असेल तर कागदी पिशवीत एका पिकलेल्या केळ्यासोबत, म्हणजे पिकणारी फळं सोडतात तो इथिलीन वायू आत साठतो, आणि पिकायचा इशारा फळाला त्यानेच मिळतो.

आता आत काय चालतं बघा. पेशींच्या भिंतींना जोडून ठेवणारा गिलावा म्हणजे पेक्टिन, जॅम घट्ट होतो तो यामुळेच. पिकताना एक एन्झाइम पेक्टिनवरचे मिथाइल गट, म्हणजे त्याला चिकटलेले छोटे रासायनिक तुकडे, काढतं आणि दुसरं, पॉलिगॅलॅक्चुरोनेज, त्याच्या लांब साखळ्या तोडतं, मग भिंती सैल होतात, चावलं की पेशी फुटतात आणि रस सुटतो. साधारण 2 ते 8 अंशांत, म्हणजे नेमकं घरच्या फ्रीजच्या तापमानात, कच्चं फळ बरेच दिवस राहिलं की पहिलं काम चालू राहतं पण दुसरं मागे पडतं. न तुटलेल्या लांब साखळ्या पाणी धरून जेल बनवतात, पेशी फुटायच्या ऐवजी नुसत्या सुट्या होतात. रस आतच असतो, पण अडकलेला!

रोज एकदा तपासा, पण बोटाने दाबू नका, डाग पडतो. तळहातावर घेऊन देठाजवळ अंगठा हलकेच टेकवा. किंचित दबलं आणि वास आला की झालं, मग खुशाल फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस छान राहतं.

आणि एखादं पिठूळ निघालंच तर टाकू नका, साखर आणि लिंबू घालून शिजवा, शिजल्यावर तो पिठूळपणा फारसा जाणवत नाही.