पानशेतच्या पुराची घरातली आठवण कशी नोंदवावी

१२ जुलै १९६१ ला, पानशेत आणि खडकवासला ही धरणं फुटून पुण्यात पूर आला तेव्हा, दहा वर्षांचं असलेलं माणूस आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. हे काम दिवाळीच्या सुट्टीवर ढकलू नका.

एका बैठकीला पाऊण तास पुरे. आजी-आजोबा दमले की उत्तरं 'खूप पाणी होतं बघ' एवढ्यावर येतात. पंखा बंद करा, फोन विमान मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरही रेकॉर्डिंग चालू ठेवा. फोनखाली घडी घातलेला नॅपकिन हवा, नाहीतर टेबलावर ठेवलेल्या प्रत्येक कपबशीचा आवाज त्यात उतरतो.

'पुराचं सांगा' असं म्हटलंत तर पेपरात वाचलेलंच परत ऐकायला मिळेल. आधी कागदावर वाडा काढायला लावा: दिंडी दरवाजा, चौक, हौद, जिना, कुणाचं बिऱ्हाड कुठे. मग सकाळपासून क्रमाने चला. बातमी कुणी आणली, हातात काय घेतलं, कोणत्या बोळातून निघालात, रात्री कुणाकडे झोपलात.

वेळेचा घोळ हमखास होतो. पानशेत सकाळी फुटलं, खडकवासला त्यानंतर काही तासांनी. त्यामुळे 'धरण फुटलं' म्हणजे कोणतं, हे दरवेळी विचारा. घड्याळापेक्षा 'तेव्हा स्वयंपाक झाला होता का?' हा प्रश्न जास्त कामाचा. वार बुधवार होता, आणि त्या दिवशी अमावास्या. पुराच्या रात्री चांदण्यात पाणी चमकत होतं असं कुणी सांगितलं, तर दुसरी एखादी रात्र त्यात मिसळली आहे. पहाटे थंडीत पांघरूण घेऊन बाहेर पळाल्याची आठवण बहुधा ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची असते. तिथल्या तिथे चूक दाखवू नका, माणूस मिटतो. वहीच्या समासात खूण करा.

पाण्याची उंची मात्र टेपनेच मोजायची. वाडा उभा असेल तर जोत्यापासून मोजा. रस्त्यापासून नको, कारण डांबराच्या थरांनी पेठांतले रस्ते चढले आहेत. 'सातव्या पायरीपर्यंत' असं उत्तर आलं तर प्रत्येक पायरीची उंची वेगळी मोजून बेरीज करा. जुन्या जिन्यांच्या पायऱ्या सारख्या नसतात. 'माझ्या डोक्यावरून' म्हणणाऱ्याचं तेव्हाचं वय लिहा. हा आकडा आजच्या नकाशावरच्या निळ्या-लाल पूररेषेशी जुळवायला जाऊ नका. त्या रेषा नदीच्या पुराच्या शक्यतेवरून आखतात, तर १९६१ ला धरणं फुटली होती.

पुलांची दोन्ही नावं लिहा: लकडी पूल म्हणजे संभाजी पूल, नवा पूल म्हणजे शिवाजी पूल. नातवंडांना एकच माहीत असतं.

किती माणसं गेली, किती प्रेतं वाहत होती, हे विषय निघतातच. वहीत दोन रकाने करा, 'पाहिलं' आणि 'ऐकलं'. प्रत्येक वाक्यानंतर 'हे तुम्ही स्वतः पाहिलंत का?' असं विचारा, शांतपणे. या एका प्रश्नाने अर्धे आकडे दुसऱ्या रकान्यात जातात.

शेवटी ट्रंक उघडायला सांगा. रेशनकार्ड, मदतीच्या पावत्या, लोकमान्यनगर किंवा गोखलेनगरात जागा मिळाल्याचे कागद निघतात. चिखलाने चिकटलेली पानं सोडवू नका, फाटतील. खिडकीजवळ, फ्लॅश न लावता, वरून सरळ फोटो घ्या. पाठकोरी बाजूही घ्या, पेन्सिलीतला हिशेब तिथेच सापडतो. फाईलच्या नावात तारीख, पेठ आणि सांगणाऱ्याची आद्याक्षरं टाका. रेकॉर्डिंग घराबाहेर कुणाला ऐकवायचं का, याचं उत्तर त्यांच्याच आवाजात घेऊन ठेवा.