गृहकर्जासाठी खातं छोट्या सहकारी बँकेत नेलं आणि एसआयपीचं मँडेट रिजेक्ट होत राहिलं: उपाय

लक्षण असं: व्याजदरात सवलत मिळावी म्हणून पगाराचं खातं कर्ज देणाऱ्या नागरी सहकारी बँकेत हलवलं. कर्जाचा हप्ता बँकेतल्या बँकेत वळता होतो, तिथे काही अडत नाही. एसआयपी आणि विम्याचं ऑनलाइन मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) मात्र नोंदलंच जात नाही. डेबिट कार्डाने, आधारने, दुसऱ्या अ‍ॅपवरून करून पाहिलं; सगळं फुकट. डोकं पिकलं.

कारण साधं आहे. नॅच (हप्ते आपोआप कापायची यंत्रणा) कागदी फॉर्मवर घेणारी प्रत्येक बँक ई-मँडेट, म्हणजे ऑनलाइन मँडेट, देत नाही. ही यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयच्या साइटवर ई-मँडेट सुरू असलेल्या बँकांची यादी असते, ती आधी बघा. बँक त्यात नसेल तर कागदी फॉर्मच भरा.

आयएफएससी आणि एमआयसीआर हे शाखेचे कोड शाखेतून लिहून घ्या. खातं क्रमांक सुरुवातीच्या शून्यांसकट लिहा. नाव पासबुकावर आहे तसंच हवं, सही शाखेतल्या नमुना सहीसारखी. खातं संयुक्त सह्यांवर चालत असेल तर सगळ्यांच्या सह्या लागतात. फॉर्म परत येतो तो बहुधा इथेच. सोबत नाव छापलेला रद्द चेक जोडा.

नवीन खात्यातून पहिला हप्ता कापला जाईपर्यंत जुन्या खात्यात पैसे ठेवा, ते बंद करू नका. गॅसची सबसिडी आधार जोडलेल्या खात्यात जाते. ती नवीन खात्यात यावी म्हणून शाखेत वेगळा संमती अर्ज द्यावा लागतो. बँक बुडाली तर मिळणारा ठेव विमा व्याजासकट 5 लाखांपर्यंतच आहे, म्हणून बचतीचा मोठा भाग तिथे नेऊ नका.